भाकरी थापणाऱ्या बाईचं ताट: एकत्र कुटुंबातल्या कमी कर्बोदकांच्या आहाराचं एक प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातलं सात माणसांचं घर. सासू-सासरे, नवरा, धाकटा दीर, तालमीत जाणारा १९ वर्षांचा मुलगा, दहावीला गेलेली मुलगी आणि या सगळ्यांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारी ४६ वर्षांची बाई. तिला इथे ताई म्हणते. समोर बसल्यावरही मी तेच म्हणते. घरचा ऊस, थोडी हळद, दोन म्हशी. दीर कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, त्याचा डबा सकाळी सातला तयार लागतो. ओळख पटेल असे तपशील गाळून, ताईंच्या परवानगीने हे लिहिते आहे.

ताईंना चार वर्षांपासून टाइप २ मधुमेह. माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी आल्या तेव्हा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८.६, उपाशीपोटीची साखर १७२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, वजन ७१ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. किडनीच्या तपासण्या व्यवस्थित. गोळ्या दोन: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहून पाठवलं होतं: आहारातली कर्बोदकं कमी करणे.

एकट्या राहणाऱ्या माणसाला ही ओळ पाळायला सोपी. भात लावायचा नाही, पोळ्या करायच्या नाहीत, झालं. पण आपल्याकडे मधुमेह झालेली बाई बहुतेक वेळा घरचा स्वयंपाकही करत असते. ज्या भाकरीपासून तिने लांब राहायचं, ती तिलाच रोज दोनदा थापायची असते, फुगवायची असते आणि गरम गरम दुसऱ्याच्या ताटात वाढायची असते. पथ्यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, पण या बाईच्या उपयोगाचं त्यात फार थोडं असतं. म्हणून हे प्रकरण जरा बारकाईने मांडते.

आधीचा प्रयत्न

माझ्याकडे येण्यापूर्वी ताईंचा एक प्रयोग करून झाला होता. मिरजेच्या भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात भाकरी, चपाती, भात सगळं एकदम बंद करायला सांगितलं होतं. ताईंनी सोमवारी बंद केलं. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला धुणं वाळत घालताना हातपाय कापायला लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलीने ग्लुकोमीटरवर साखर बघितली तर ५८. सासूबाईंनी साखरपाणी पाजलं आणि म्हणाल्या, "भाकरी सोडलीस म्हणून झालं हे. भाकरीबिगर माणूस जगतंय व्हय?"

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य होतं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आलंय की नाही, हे ती बघत नाही. गोळी तेवढीच ठेवून कर्बोदकं एकदम खाली आणली तर साखर ७० च्या खाली घसरण्याचा धोका असतोच. इन्सुलिन घेणाऱ्यांना तो आणखी मोठा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या चालू असतील तर धोका निराळा: कर्बोदकं फार खाली गेल्यावर कीटोन (चरबी जाळताना तयार होणारी आम्लं) वाढून रक्ताची आम्लता वाढू शकते, आणि साखरेचा आकडा फारसा चढलेला नसल्यामुळे ती चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्याही काही जणांच्या कमी कराव्या लागतात. गोळ्या चालू असलेल्या माणसाने ताट बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, याबाबत मी हट्टी आहे. ताईंच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आधी निम्मी केली आणि घरी मोजलेल्या साखरेचे आकडे बघून महिन्याभरात बंद केली. मेटफॉर्मिन तशीच ठेवली. एकट्या तिच्यामुळे साखर सहसा अशी घसरत नाही.

गोळ्यांचं मार्गी लागलं. मला त्या चार दिवसांतलं आणखी एक जाणून घ्यायचं होतं. मी विचारलं, "भाकरी सोडली, मग पोट कशानं भरलं?"

"कालवण असतंय की. उरंल ते."

उरेल ते

मी त्यांना रात्रीचं जेवण पहिल्यापासून सांगायला लावलं. कोण कधी बसतं, कुणाला काय वाढलं जातं, पातेल्यात काय राहतं.

आधी सासरे आणि दीर बसतात, मागोमाग नवरा. ताई गॅसपाशी उभ्या. तव्यावरची भाकरी थेट ताटात, कारण निवलेली भाकरी सासऱ्यांना चालत नाही. मग मुलं. मुलगा तालमीतून आलेला, त्याला पळी खालपर्यंत घालून वाढायचं. त्यानंतर सासूबाई, आणि सगळ्यांचं उरकल्यावर ताई. मटकीची उसळ असेल तर तोवर पातेल्यात रस्सा आणि तळाशी थोडे दाणे. अंड्याचं कालवण असेल तर सात माणसांत सात अंडी शिजतात. मुलाला दोन, म्हणजे एकीला नाही. "मला अंडं तेवढं आवडत न्हाई," ताई म्हणाल्या. मुलगा आजोळी गेल्यावर खाता का, असं विचारलं तर हसल्या.

भाकऱ्यांचं मात्र उलटं. कमी पडायला नकोत म्हणून रोज दोन-तीन जास्तच. उरलेल्या सकाळी ताईंच्या वाट्याला. अन्न टाकायचं नाही, नवऱ्याला आणि मुलांना शिळं वाढायचं नाही, मग शिळी भाकरी चहाबरोबर उभ्या उभ्या खाणार कोण?

या घरात भाकरी हवी तेवढी मिळत होती. डाळ, कडधान्य, अंडं मानाप्रमाणे. शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटातून भाकरी काढून घेतली तर मागे नुसता रस्सा राहतो. अशा ताटाला कमी कर्बोदकांचा आहार म्हणता येत नाही, ती उपासमार आहे. आणि ती चार दिवसांच्या वर टिकत नाही, यात बाईच्या निर्धाराचा काही संबंध नाही.

मी त्यांना घरच्या वजनकाट्यावर भाकरीचा उंडा ठेवून बघायला सांगितलं. पुढच्या वेळी मुलीच्या वहीचा कागद घेऊन आल्या. उंडा १५० ग्रॅम. त्यात निम्मं पाणी धरलं तर पीठ ७५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं, १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू (फायबर) असतात. म्हणजे ताईंच्या एका भाकरीत ५० ग्रॅम कर्बोदकं.

सकाळी शिळी एक, दुपारी दोन, रात्री दीड. साडेचार भाकऱ्यांचे २२५ ग्रॅम. दोन्ही वेळचा वाटी-वाटी भात, ८०. तीन कप चहा, कपाला दोन चमचे साखर, ३०. खारी, टोस्ट आणि कालवणातलं मिळून आणखी ३०. एकूण ३६५ ग्रॅमच्या घरात. ताई कागदाकडे बघत राहिल्या. गोड तर काहीच खात नाही, असं त्या चार वर्षं डॉक्टरांना सांगत होत्या, आणि ते खरंच होतं.

याच बेरजेची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच साडेचार भाकऱ्यांतून ताईंना ३४ ग्रॅम प्रथिनं आणि तेवढेच तंतू मिळत होते. दिवसभराच्या प्रथिनांतली निम्म्याहून जास्त एकट्या ज्वारीची. आपण भाकरीला नुसतं पिष्ट समजतो, पण ज्या बाईच्या ताटात डाळ पोहोचतच नाही, तिची डाळही भाकरीच असते. त्या चार दिवसांत साखरेबरोबर प्रथिनं आणि तंतूही गेले होते. भूक, गळाठा, पोट साफ न होणं हे सगळं त्यातून आलं होतं.

कितीवर आणायचं

दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं असतील तर त्याला सर्वसाधारणपणे लो-कार्ब म्हणतात. कीटो त्याहून पुष्कळ कडक, २० ते ५० ग्रॅम. ताईंसाठी मी १३० च्या आसपास ठरवलं. कीटोमध्ये पोट भरायचं तर तूप, लोणी, पनीर, मटण असं ताट लागतं. ते वेगळं शिजवावं लागतं, त्याचा खर्च वेगळा, आणि ज्या घरात एक बाई सात जणांचं करते तिथे आठवं पातेलं फार दिवस चुलीवर चढत नाही. मधुमेह तर पुढची वीस-तीस वर्षं सोबत राहणार.

आणखी एक गोष्ट आधीच मोकळी करावी लागली. घरात कुणीतरी सुचवलं होतं की ज्वारी सोडून नाचणी खा. नाचणीत १०० ग्रॅमला ६७ ग्रॅम कर्बोदकं, बाजरीत ६२, गव्हाच्या पिठात ६४, तांदळात ७८. तांदळापेक्षा ज्वारी-बाजरीत तंतू जास्त, ते चांगलंच. पण पीठ बदललं आणि भाकऱ्या साडेचारच ठेवल्या, तर साखरेत पडायचा तो फरक पडत नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या सर्वेक्षणाचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेतला ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा निघाला. रिफाइन्ड धान्याच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ घेतल्याने मधुमेहाचा धोका घटताना दिसला नाही. कर्बोदकांतला थोडा हिस्सा डाळी, दूध अशा प्रथिनांकडे वळवला तिथे तो कमी दिसला.

गुळाचंही तेच. आमच्या भागात गुऱ्हाळं आहेत, गुळाचा चहा पथ्याचा समजला जातो. गुळात लोहासारखं थोडंफार असतं हे मान्य, पण १०० ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकंच. रक्तातल्या साखरेला तो साखरेइतकाच.

आधी काढलेली वाटी

त्यानंतरच्या भेटीला मी सासूबाईंना आणि नवऱ्याला सोबत आणायला सांगितलं. ज्या घरात वाढायचा क्रम सासूबाईंच्या हातात आहे, तिथे सुनेला एकटीला बसवून आहार समजावण्यात अर्थ नसतो.

सासूबाईंची काळजी खरी होती आणि ती मला ऐकून घ्यायची होती. सून भाकरी खात नाही म्हटल्यावर आल्या-गेल्याला वाटतं घरात काही तरी बिनसलंय, नाही तर सुनेला नीट खायला घालत नाहीत. दुसरं म्हणजे गुरुवारची ती भोवळ त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. मी गोळीचं सांगितलं, कमी झालेला डोस दाखवला. मग विचारलं, "आजी, कालवण झालं की सगळ्यांच्या आधी ताईंची वाटी काढून झाकून ठेवाल का? दाण्यासकट."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "देवाचा निवद काढतोच की आधी. त्याच्या मागनं हिची वाटी काढीन."

या प्रकरणात काही एक निर्णायक घडलं असेल तर ते हे. पुढचे सगळे आकडे याच्या मागून आले. नवरा तोवर काही बोलला नव्हता. तो म्हणाला, "मग डाळच जास्त घाला की, सगळ्यांना पुरंल." तेही लगेच झालं. सात माणसांना दोन वाट्या कडधान्य भिजत होतं, ते साडेतीन वाट्या भिजायला लागलं. अंडी सातऐवजी नऊ, आणि ताईंच्या वाटीत दोन.

स्वयंपाक एकच ठेवला. ताईंसाठी वेगळं काही शिजत नाही. ताटात काय किती, एवढाच फरक. चटणी, मसाला, फोडणी सगळं घरचं. उन्हाळ्यात कुटून ठेवलेली कांदा-लसूण चटणी असल्यावर मटकी दुप्पट केली काय आणि पोकळ्याची भाजी जास्त टाकली काय, जेवणाऱ्याला कालवण रोजचंच लागतं.

सकाळचा चहा आधी एका चमच्यावर आणला, पंधरवड्याने अर्ध्यावर, मग बिनसाखरेचा. घरच्या म्हशीचं दूध, त्यामुळे बिनसाखरेचा चहाही त्यांना पचला. शिळ्या भाकरीच्या जागी भिजवलेल्या मुगाचं धिरडं, त्यात आलं-मिरची-कोथिंबीर, सोबत दही. मुलगी आणि दीरही तेच खातात, दिराच्या डब्यातही जातं. दुपारी एक बारकी भाकरी, मोठी वाटी उसळ किंवा अख्खा मसूर, पालेभाजी किंवा दोडका-कारलं-वांगं असं काही, काकडी, वाटीभर ताक, शेंगदाण्याची चटणी. चारला मूठभर भाजलेल्या शेंगा. रात्री अर्धी भाकरी आणि कोरडा झुणका, नाही तर अंडी, नाही तर पनीर, भात नाही. बेरीज १३० ग्रॅमच्या आगेमागे येते आणि प्रथिनं ६० ग्रॅमच्या जवळ. झुणका बेसनाचा, म्हणजे त्यातही कर्बोदकं आहेतच, १०० ग्रॅम हरभरा डाळीत ४७ च्या आसपास. पण प्रथिनं २१, ज्वारीच्या दुप्पट. म्हणून ४० ग्रॅम बेसन, कांदा भरपूर आणि भाकरी अर्धी.

बारकी भाकरी म्हणजे ८० ग्रॅमचा उंडा, ४० ग्रॅम पीठ, २७ ग्रॅम कर्बोदकं. पंचवीस वर्षं एका मापाचा उंडा उचलणारा हात असा सहज बदलत नाही. ताई पीठ मळायच्या, उंडा तोडायच्या आणि तो १५० च भरायचा. थापताना बारकी भाकरी हाताखालून पातळ व्हायची, कडेला चिरायची, तव्यावर करपायची. मग त्यांनीच रीत शोधली. परातीत हात घालायच्या आधी त्यांचा उंडा काट्यावर मोजून बाजूला; तवा तापला की पहिली भाकरी ती. तवा जरा कमी तापलेला असतो, त्यामुळे बारकी भाकरी करपत नाही, पापुद्रा सुटतो. आणि पहिली असल्यामुळे ती त्यांच्या झाकलेल्या वाटीशेजारी जाऊन बसते, दुसऱ्याच्या ताटात जात नाही.

भाकऱ्यांची एकूण संख्याही ठरवली. कुणाला किती लागतात हे सासूबाईंना तोंडपाठ. नुसती "असू द्या, लागली तर" ही वरची भर बंद केली. एखादी उरलीच तर सकाळी फोडणीची भाकरी, मुलगा तालमीतून आल्यावर ताकाबरोबर खातो.

बाकीच्या घरावर हे लादायचं नाही, हे मी लिहून दिलं. मुलगी वाढीच्या वयातली. मुलगा पहाटे जोर-बैठका मारतो, त्याला भाकरी, दूध, केळी, भात सगळं लागतं. सासरे अजून उसाला पाणी पाजायला जातात, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंचं वजन आधीच कमी. यांच्या ताटातली भाकरी कमी करायचं कारण नाही. त्यांना फायदा झाला तो डाळ वाढल्याचा.

जिथे अडलं

पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, अंगात त्राण नाही असं वाटलं. कर्बोदकं कमी झाली की शरीरातला साठवलेला ग्लायकोजेन (राखीव साखर) वापरला जातो, त्याला धरून असलेलं पाणी आणि मीठ बाहेर पडतं. सुरुवातीला वजन भराभर उतरतं ते बरंचसं या पाण्याचं. ताईंना रक्तदाब नाही, त्यामुळे मीठ घातलेलं ताक दोन वेळा सांगितलं; चार-पाच दिवसांत बरं वाटलं. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र मीठ मनाने वाढवू नये.

पोट साफ होईना. भाकरीचे तंतू गेले होते आणि उन्हाळ्यात पालेभाजी कमी. गवार, दोडका, भेंडी वाढवली, एका वेळच्या उसळीला मोड आलेल्या मटकीवर जोर दिला, पाणी वाढवलं. पाऊस पडल्यावर घोळ, तांदुळजा, पोकळा बांधावरच मिळायला लागला आणि ती तक्रार संपली.

उपवास गुरुवारचा. साबुदाण्याची खिचडी एक थाळी म्हणजे सहज ५५-६० ग्रॅम कर्बोदकं, वर बटाटा. उपवास सोडा असं मी सांगितलं नाही. ताईंच्या आयुष्यात तो दिवस त्यांचा स्वतःचा आहे आणि तो काढून घ्यायचा मला अधिकार नाही. वाटीभर शेंगदाण्याची आमटी, थोडी भगर, काकडीची कोशिंबीर, ताक, असं ठरलं. खिचडी घरात होते, त्या दोन चमचे घेतात.

सोमवार, गुरुवार, शनिवार घरात अंडं चालत नाही, चतुर्थीलाही नाही. त्या दिवशी पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या रश्श्यात.

सगळ्यात चिवट निघालं ते स्वयंपाक करताना तोंडात जाणारं. तासगावच्या पाहुण्यांनी बेदाण्याचा डबा पाठवला होता, तो ओट्याजवळच्या फडताळात. भाजी चिरताना चार, कणीक मळून झाली की चार. मूठभर बेदाण्यात २०-२२ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे जवळजवळ बारकी भाकरी. भुकेने हात जातो हे उघड होतं, कारण साडेसहा ते साडेनऊ त्या सगळ्यांचं करत उभ्या असायच्या. डबा वरच्या फळीवर गेला, पण खरा फरक पडला तो जेवायची वेळ बदलल्यावर. आता मुलं बसतात तेव्हाच ताईही बसतात. शेवटच्या दोन-तीन भाकऱ्या मुलगी टाकते. पहिल्या आठवड्यात तिच्या भाकऱ्यांना नकाशे म्हणून झालं, मग सगळ्यांना सवय झाली.

बेंदराला पुरणपोळी झाली. ताईंनी एक खाल्ली, दूध-तूप घालून, भात घेतला नाही, कटाची आमटी घेतली. दोन तासांनी साखर १९८. त्यांनी घाबरून फोन केला. एका मध्यम पुरणपोळीत ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, एवढा चढ अपेक्षितच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी १२१. सणाला एक पोळी खाऊन दुसऱ्या दिवशी ताटावर परत येणारी बाई मला पथ्य मोडणारी वाटत नाही. आठवडाभर "आता मोडलंच आहे" म्हणत खाल्लं जातं, ते निस्तरायला जड जातं.

तीन महिन्यांनी

एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांचं सरासरी चित्र दाखवतो, त्याआधी परत तपासण्यात फारसा अर्थ नसतो. तीन महिन्यांनी ताईंचा ७.१ आला. उपाशीपोटीची साखर ११५ ते १२५ मध्ये. ट्रायग्लिसराइड १६५. एलडीएल (वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल) जवळजवळ होतं तेवढंच. ते मुद्दाम तपासायला सांगितलं होतं, कारण तूप-लोणी बेसुमार वाढलं तर काहींचं वर जातं. वजन ६६ किलो. गोळी एक. पुन्हा भोवळ आली नाही.

रात्रीच्या जेवणानंतरची साखर अजून मनासारखी नाही. जेवण साडेनऊला होतं आणि दहाला अंथरूण. दिराची पाळी आणि मुलाची तालीम यामुळे वेळ अलीकडे आणता येत नाही. जेवल्यावर अंगणात दहा-पंधरा मिनिटं चालायचं ठरलं आहे. कधी होतं, कधी नाही. ऊसतोडीच्या हंगामात घरी माणसं वाढतात, भाकऱ्या तिपटीने थापाव्या लागतात, तेव्हा झाकलेली वाटी टिकते की नाही हे बघायचं आहे. सासूबाईंनी त्याची जबाबदारी घेतली आहे.

मधल्या काळात नवऱ्याने स्वतःची तपासणी करून घेतली. एचबीए१सी ६.०. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर, ५.७ ते ६.४ ही ती मधली पट्टी. त्यांच्या ताटात तीनच्या दोन भाकऱ्या केल्या आहेत आणि रात्रीचा भात बंद. उसळ ताईंच्याएवढीच.

आता नवरात्राचं ठरवतो आहोत. ताई घटाचे नऊ दिवस उपवास धरतात, गेल्या वर्षीपर्यंत साबुदाणा, रताळी आणि चहावर. डॉक्टरांशी बोलून झालं आहे: ग्लिमेपिराइड बंद असल्यामुळे त्यांची हरकत नाही, मेटफॉर्मिन खाण्याबरोबरच घ्यायची, साखर सकाळी आणि संध्याकाळी मोजायची, ७० च्या खाली गेली किंवा अंग कापायला लागलं तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन उपवास तिथेच सोडायचा. दिवसभराचं खाणं असं: सकाळी दही आणि भाजलेले शेंगदाणे, दुपारी शेंगदाण्याची आमटी, ३० ग्रॅम वरीचा भात आणि काकडी, चारला ताक, रात्री पनीर आणि छोटी राजगिऱ्याची भाकरी. रताळं नऊ दिवसांत दोनदा, अर्धं. सासूबाईंनी विचारलं, उपवासाची वाटीही आधी काढायची का. हो, तीही.